तीनशे चौसष्ट दिवसांचा सोबती

परिषदेच्या पुस्तिकेतल्या आभारांच्या यादीत दालिला आयाविरे सातव्या ओळीत होती. बसगाड्या पुरवणाऱ्या कंपनीच्या खाली आणि जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्या बायकांच्या वर. तिथंही तिचं नाव नव्हतंच. 'बाकेदानो येथील स्थानिक शिक्षिका व तिचे विद्यार्थी', एवढंच छापलेलं होतं.

सोमवारी सकाळी ती डीनच्या कचेरीत पाहुण्यांच्या छातीवर लावायचे बिल्ले न्यायला आली होती. दुसऱ्या दिवशी परिषद होती. 'विश्वनागरिक घडवणारं भौतिकशास्त्र' असं तिचं भारदस्त नाव. चिलीतल्या अँतोफागास्ताच्या रस्त्यांवर खांबाखांबाला तिचे फलक लटकत होते आणि समुद्राच्या वाऱ्यानं त्यांतले निम्मे उलटे झाले होते. बिल्ल्यांच्या खोक्याशेजारी पुस्तिकांचा गठ्ठा होता. दालिलानं एक उचलली आणि उभ्याउभ्या चाळायला लागली.

बाराव्या पानावर तिला तो तारा भेटला. त्याचा सूचीतला क्रमांक तिला माहेरच्या टेलिफोन नंबरासारखा पाठ होता. खरं तर तो एक तारा नव्हे, जोडतारा. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि दर एकोणीस तासांनी एक दुसऱ्याच्या आड जातो. त्या ग्रहणाचा नेमका क्षण टिपायचा, इतकंच काम. पण ते तीन वर्षं करायचं. बाकेदानोच्या शाळेमागं बसवलेल्या लहान दुर्बिणीतून दालिलानं आणि तिच्या अकरा विद्यार्थ्यांनी अशी एकशे एकेचाळीस ग्रहणं टिपली होती. किनाऱ्यावरचं धुकं मागं टाकून बसनं सत्तर किलोमीटर वाळवंटात जायचं, भाकरी आणि थर्मास घेऊन. तीन वर्षांत एका पोराचं लग्न झालं, एकीचा बाप खाणीत दगावला, पण नोंदवही थांबली नाही.

निबंधाचं शीर्षक होतं, 'एका दक्षिणी जोडताऱ्याचा अदृश्य तिसरा सोबती'. लेखक चार. चौघंही समुद्रापलीकडच्या उत्तरेकडच्या विद्यापीठातले. पहिलं नाव प्राध्यापक वाउटर टेरहोर्स्ट. याच गृहस्थानं तीन वर्षांपूर्वी दालिलाचा हात दोन्ही हातांत धरून 'आपण सगळे बरोबरीचे भागीदार' असं सांगितलं होतं.

तिनं पान उलटलं. सत्ताविसाव्या पानावर दुसरा निबंध होता, शिक्षणशास्त्राचा. पहिला लेखक तोच. विषय, दक्षिणेकडच्या विद्यार्थ्यांत जागतिक जाणीव कशी वाढते. आधार, अकरा सहभागींच्या रोजनिश्या. विश्वनागरिकत्वाचा अभ्यासक्रम म्हणून मुलांनी दर आठवड्याला मनातलं लिहायचं, असं ठरलं होतं. त्या लिखाणाचे गुण मिळायचे. त्याचा निबंध होणार आहे हे मुलांना कुणी सांगितलं नव्हतं. दालिलालाही नाही.

'सहभागी ४' चं एक वाक्य तिथं तिरक्या अक्षरांत होतं: 'थंडीत घड्याळ बघत उभी राहिले की वाटतं, हा तारा मला ओळखतो, विद्यापीठाचा रखवालदार मात्र रोज ओळखपत्र मागतो.' खाली लेखकांचा शेरा होता, 'सहभागी ४ मधील आपलेपणाची भावना अद्याप प्राथमिक पातळीवर आहे.'

दालिलानं ते वाक्य ओळखलं. अकरा जणांतल्या मिलेन्काचं होतं. ज्या पोरीनं ही मापं घेतली, तिला एका निबंधात जागाच नव्हती आणि दुसऱ्यात तिला बाटलीत बुडवलेल्या बेडकासारखं क्रमांक लावून ठेवलं होतं. दालिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिल्ल्यांचं खोकं तिथंच टाकून ती डीनच्या दारातून आत घुसली.

डीन ओस्वाल्डो रिकेल्मे वाईट माणूस नव्हता. पूर्वी रसायनशास्त्र शिकवायचा, तेव्हा तर चांगला होता. त्यानं तिला बसवलं, कॉफीत स्वतः साखर घातली, पुस्तिका पाहिली, चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाला की हे बरोबर झालं नाही, पण परिषद उद्यावर आली आहे, राजदूत येणार आहेत, पुढच्या पाच वर्षांच्या करारावर सही व्हायची आहे. नंतर आपण एक चांगलं पत्र लिहू.

"पत्र कुणाला लिहायचं, सर? बसकंपनीला?"

"दालिला, चिडू नकोस. अशा कामात सगळ्यांची नावं कुठं येतात."

"त्यांच्यातल्या चौघांची आलीत. त्यातल्या दोघांनी बाकेदानो नकाशातसुद्धा पाहिलेलं नाही."

रिकेल्मेनं खिडकीबाहेर पाहिलं. आणि अगदी काळजीच्या सुरात, जणू तिचं भलंच करतोय अशा थाटात, तो म्हणाला, "तुझे पुढच्या सत्राचे तास अजून माझ्या टेबलावर आहेत. विसरू नकोस, एवढंच सांगतो."

दालिला टॅक्सी-मास्तरीण होती. तिथं तासावर शिकवणाऱ्यांना असंच म्हणतात. सकाळी एका विद्यापीठात, दुपारी दुसऱ्यात, संध्याकाळी तंत्रशाळेत. मीटर चालू तोवर पगार चालू. तिनं कॉफी तशीच ठेवली आणि उठली.

प्रयोगशाळेत मिलेन्का तापिया एकटीच होती. बावीस वर्षांची, बाकेदानोच्या रेल्वे फाटकवाल्याची मुलगी. बोलायला तिखट आणि हिशोबाला पक्की. एकशे एकेचाळीस वेळांचं कोष्टक तिनंच बनवलेलं. दालिलानं पुस्तिका तिच्यापुढं टाकली आणि तोंड फिरवून फळा पुसायला लागली. फळा आधीच कोरा होता.

मिलेन्कानं सत्ताविसावं पान वाचलं. तिचे कान लाल झाले. मग तिनं बारावं पान उघडलं, आलेखावर बोट ठेवलं, आणि थोड्या वेळानं तिला हसू फुटलं. ते हसू चांगलं नव्हतं.

"बाई, यांच्या तिसऱ्या सोबत्याचा फेरा किती दिवसांचा आहे, पाहिलंत?"

दालिलानं पाहिलं नव्हतं. रागाच्या भरात ती नावांच्या पुढं गेलीच नव्हती. आता तिनं पाहिलं. तीनशे चौसष्ट दिवस, चूक दोन दिवस इकडं किंवा तिकडं. ग्रहणं वर्षातून एकदा छप्पन्न सेकंद लवकर येतात आणि एकदा छप्पन्न सेकंद उशिरा, म्हणजे जोडताऱ्याला कुणीतरी न दिसणारं ओढतंय, असा निष्कर्ष. मिलेन्कानं ताऱ्याची आभाळातली जागा कागदावर मांडली, दोन ओळींचा गुणाकार केला आणि कागद सरकवला. उत्तर पंचावन्न पूर्णांक आठ सेकंद होतं.

दालिला खुर्चीत बसली. तिला सगळं एकदम दिसलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून ताऱ्याचा प्रकाश आपल्याकडं कधी थोडा लवकर पोचतो, कधी थोडा उशिरा. त्यासाठी प्रत्येक वेळ अशी दुरुस्त करायची, की जणू घड्याळ सूर्यापाशी ठेवलेलं आहे. हे पहिल्या वर्षाचं पोरही करतं. मिलेन्कानं ती दुरुस्ती करूनच कोष्टक पाठवलं होतं. त्यांनी ती पुन्हा एकदा केली. म्हणजे वजा झालेली पृथ्वी त्यांनी उलट्या बाजूनं परत आत आणून बसवली, आणि मग दुर्बिणीतून तिला शोधून काढली.

"तू पहिल्या ओळीत लिहिलं होतंस ना?"

"मोठ्या अक्षरांत. पण खूण घालून लिहिली ती ओळ. अशा ओळी संगणक वाचत नाही, वगळून पुढं जातो. माणसानं वाचायच्या असतात त्या." ती थांबली. "आणि माणसानं विचारलं असतं तर मी सांगितलंही असतं. माझा पत्ता होता त्यांच्याकडं. रोजनिशीवर."

मग मिलेन्का शांतपणे म्हणाली, "बाई, तुम्ही काही बोलू नका. उद्या सांगू देत, परवा छापू देत, मग जगभर हसं होऊ दे."

दालिलाला ते हवंहवंसं वाटलं. टेरहोर्स्टचा चेहरा कसा उतरेल याचं चित्र तिनं चांगलं पाच मिनिटं मनात घोळवलं. पण तिला शिस्त मोजमापाची होती. हे हसं कुठून निघून कुठं पोचेल याचा माग ती काढत गेली. चूक उघडी पडली की पहिला प्रश्न येणार, मापं कुणाची? आणि तेव्हा, फक्त तेव्हाच, बाकेदानोचं नाव छापलं जाणार. वाळवंटातली शाळा, लहान दुर्बीण, शिकाऊ पोरं. तीन वर्षांच्या एकशे एकेचाळीस नोंदी कायमच्या बाद. मग पुढं कुणीही त्या वापरणार नाही आणि त्याखाली या अकरा जणांची नावं कधीच लागणार नाहीत.

हे तिनं मिलेन्काला सांगितलं. मिलेन्कानं पेन्सिल मोडली.

संध्याकाळी पाचच्या चहाला पाहुणे विद्यापीठाच्या गच्चीवर होते. खाली समुद्र, समोर पाव, अव्होकाडो आणि चीज. टेरहोर्स्टनं आदल्या दिवशी बाजारात घेतलेला अल्पाकाच्या लोकरीचा मफलर गळ्यात घातला होता, उकडत असूनही. शेजारी त्याची तरुण सहकारी फेम्के बसली होती. आकडेमोड तिची होती. दालिलाला पाहून टेरहोर्स्ट उठला, गालाला गाल लावला आणि मला वाउटरच म्हण, असं पुन्हा एकदा सांगितलं.

मिलेन्काचा कागद टेबलावर ठेवून दालिलानं तीन वाक्यांत चूक सांगितली.

फेम्केच्या हातातली सुरी पावावरच थांबली. ती संगणक काढायला वाकली, तेव्हा टेरहोर्स्टनं तिच्या मनगटावर हलकेच हात ठेवला. आपल्या गटानं दुरुस्ती केलेली आहे, तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, म्हणून तर वर्षाचा परिणाम उरूच शकत नाही. तरीही काही उरत असेल, तर ते मूळ नोंदींतच असणार. लहान दुर्बीण, नवखी मुलं, असं होतं. त्यात कुणाचा दोष नाही. हवं तर निबंधात तळटीप घालू, की स्थानिक मापांच्या दर्जाला मर्यादा होत्या.

दालिलाला वाटलं, आपण ऐकतोय ते खरं नसावं. ज्या गोष्टीची तिला भीती होती, ती इतक्या गोड आवाजात आणि इतक्या लवकर येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"मुलांची नावं का नाहीत?" तिनं विचारलं.

त्यानं मान तिरकी केली. विश्वनागरिकत्वाचा गाभाच हा आहे, तो म्हणाला, की माणसानं स्वतःच्या श्रेयापलीकडं पाहावं. मुलांच्या रोजनिशींत ती वाढ किती सुंदर दिसते. आणि दालिलाचं स्वतःचं म्हणायचं तर, पुढच्या वर्षी त्याच्या गटाला मोठ्या दुर्बिणीवर वेळ हवा आहे. चिलीतल्या संशोधकांसाठी राखून ठेवलेल्या दहा टक्क्यांतला. त्यासाठी अर्जावर इथलं एक नाव लागतं. ते नाव तिचं असावं अशी त्याची फार इच्छा होती.

"म्हणजे काम असेल तेव्हा मी स्थानिक शिक्षिका," दालिला म्हणाली, "आणि रांगेत पुढं घुसायचं असेल तेव्हा दालिला आयाविरे."

"तू हे फार वैयक्तिक घेतेस."

"तीन वर्षं मी व्यक्तीच होते. तुम्हीच यादी लावताना विसरलात."

ती उठली. कागद मुद्दाम तिथंच ठेवला, फेम्केच्या बशीशेजारी.

ती जिना उतरली. खाली मिलेन्का वाट पाहत होती. काय झालं ते दालिलानं सांगितलं आणि म्हणाली की उद्या मी बोलेन. मिलेन्का म्हणाली, नाही. तास तुमचे जातील, माझे काय घेणार आहेत? शिवाय वाक्य माझं छापलंय. दालिलानं वाद घातला, पण मिलेन्कानं तोवर बाकी दहा जणांना निरोप धाडलेसुद्धा होते.

मंगळवारी सकाळी सभागृह भरलं होतं. राजदूत, कुलगुरू, खाणकंपनीचे दोन साहेब, तीनशे विद्यार्थी. शेवटच्या ओळीत बाकेदानोची अकरा मुलं बसली. त्यांच्या छातीवर बिल्ले होते, पण नावांवर कागद चिकटवून प्रत्येकानं आपापला क्रमांक लिहिला होता. आपापली वाक्यं शोधून त्यांनी क्रमांक ओळखून काढले होते. सातवा आणि नववा कोण यावर मात्र थोडं भांडण झालं. दोघांनीही दुर्बिणीच्या झाकणाबद्दलच लिहिलं होतं.

टेरहोर्स्ट छान बोलला. सीमा नसलेलं आभाळ, एकच मानवजात, असं बरंच. मग पडद्यावर आलेख आला, वरखाली जाणारी सुरेख लाट, आणि त्यानं तिसऱ्या सोबत्याची घोषणा केली. टाळ्या झाल्या. फेम्के मंचावर संगणकापाशी बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

प्रश्नांची वेळ आली. मिलेन्का उभी राहिली. पाठीमागून आवाज पोचेना म्हणून ती चालत मधल्या वाटेनं पुढं आली. छातीवर चार.

"मी सहभागी क्रमांक चार," ती म्हणाली. "मूळ कोष्टकाची फाइल पडद्यावर उघडता का? पहिली ओळ फक्त. संगणक वगळतो ती."

टेरहोर्स्ट हसून काहीतरी सांगायला लागला, की हा तपशील नंतर बघू. पण फेम्केनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. तिनं फाइल उघडली आणि अक्षरं मोठी केली.

ओळ स्पॅनिशमध्ये होती. 'या वेळा सूर्यापाशी दुरुस्त केलेल्या आहेत. पुन्हा दुरुस्त करू नका. शंका आल्यास विचारा. मिलेन्का तापिया कोल्के, बाकेदानो.' तीनशे जणांनी ती एका नजरेत वाचली. मंचावर उभ्या असलेल्या माणसाला ती वाचता येत नव्हती. तो पडद्याकडं पाहत राहिला आणि सभागृहात पुढून मागं हसण्याची एक लाट गेली, जिचं कारण त्याला कुणीतरी समजावून सांगावं लागणार होतं.

"तुम्हाला सापडलेला सोबती म्हणजे पृथ्वी," मिलेन्का म्हणाली. "आपण आत्ता तिच्यावरच बसलोय. विश्वनागरिकांना ती ओळखू आली नाही."

फेम्केनं माईक ओढून घेतला. काल रात्रभर आकडेमोड तपासली, मिलेन्काचं बरोबर आहे, चूक माझी आहे आणि मापांत कसलीही खोट नाही, असं तिनं सांगितलं. वाक्यं सरळ होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर दालिलाचा राग कदाचित निवळलाही असता. पण टेरहोर्स्ट सावरला. त्यानं हात पसरले, चेहऱ्यावर पुन्हा तो ऊबदार भाव आणला, आणि म्हणाला की पाहा, हेच ते. याच क्षणासाठी आपला हा कार्यक्रम आहे. सहभागी चारचा हा प्रवास किती विलक्षण. कुलगुरूंनी सुटकेचा श्वास टाकून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. राजदूतानं वाजवल्या. सगळं सभागृह वाजवायला लागलं.

दालिला उभी राहिली. टाळ्या थांबेपर्यंत ती तशीच उभी होती, आणि त्या थांबायला बराच वेळ लागला.

"टाळ्या नकोत," ती म्हणाली. "रोजनिश्या परत हव्यात. अकराच्या अकरा. आणि मापं आमची आहेत, ती आम्ही छापू."

ती खाली बसली. रिकेल्मे दोन ओळी पुढं होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही, पण त्याची मान कॉलरमध्ये लालबुंद झालेली तिला दिसत होती.

दुसऱ्यांदा केलेली दुरुस्ती काढून पाहिल्यावर लाट नाहीशी झाली. एकशे एकेचाळीस ठिपके एका आडव्या सरळ रेषेत बसले. ना तिसरा सोबती, ना शोध. जोडतारा तीन वर्षं वक्तशीर होता, एवढीच बातमी. फेम्केनं ताऱ्यावरचा निबंध मागं घेतल्याचं पत्र पाठवलं, सोबत रोजनिशींच्या प्रती नष्ट केल्याची लेखी ग्वाही. तिच्या प्रती. टेरहोर्स्टकडच्या प्रतींबद्दल उत्तर आलं की प्रकरण त्यांच्या विद्यापीठाच्या नीतिसमितीकडं सोपवलं आहे आणि समितीची बैठक हेमंतात होते. हेमंत कुठला, त्यांच्या उत्तरेतला की आपल्या दक्षिणेतला, ते लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात डीनच्या कचेरीतून दालिलाचे तास आले. सोळाचे चार झाले होते. खाली रिकेल्मेनं स्वतःच्या हातानं 'क्षमस्व, आर्थिक अडचण' असं लिहिलं होतं. त्याच आठवड्यात पाच वर्षांच्या करारावर सही झाल्याचा फोटो वर्तमानपत्रात आला होता.

तिनं तो कागद उलटा ठेवला आणि पुन्हा पडद्याकडं वळली. मिलेन्का शेजारी बसून नावं सांगत होती. मापं जिथं छापायला पाठवायची होती त्या नियतकालिकाच्या अर्जात प्रत्येक लेखकाला आडनावासाठी एकच रकाना होता आणि तो दहा अक्षरांनंतर पुढं सरकत नव्हता. उत्तरेकडच्यांना एकच आडनाव पुरतं. इथं बापाचं आणि आईचं अशी दोन लागतात.

"बापाचंच घाला, बाई," मिलेन्का म्हणाली. "कुठं भांडत बसता आता."

"कोल्के पण लिहायचं," दालिला म्हणाली. "तुझी आई तीन वर्षं आमच्या थर्मासमध्ये चहा भरत होती."

तिनं संपादकांना पत्र लिहायला घेतलं. पहिल्याच वाक्यात तिनं रकाना लहान असल्याचं कळवलं, आणि बारा जणांची पूर्ण नावं खाली एकाखाली एक टाईप करायला लागली. बोटं कळांवर जरा जास्तच जोरात आपटत होती.